पीओआरची अमिनो आम्लं अपेक्षित आकड्यांशी जुळत नाहीत : कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायचं

वनस्पती-जैवरसायनावर काम करणाऱ्या मुलामुलींकडून दर सत्राला येणारी ही तक्रार आहे. वाटाण्याची रोपं अंधारात वाढवली, त्यातून पीओआर, म्हणजे हरितद्रव्य तयार होण्याच्या साखळीतलं एक विकर (एन्झाइम), वेगळं काढलं, जेलवर ३६ हजार डाल्टनच्या आसपास एकच स्वच्छ पट्टा दिसला. मग आम्लात हायड्रोलिसिस करून (प्रथिन सुट्या अमिनो आम्लांत तोडून) सॅम्पल अमिनो आम्लं मोजणाऱ्या अ‍ॅनालायझरवर चढवलं, तर आकडे डेटाबेसमधल्या क्रमाशी जुळेनात. ग्लायसिन भरमसाट, सेरीन कमी, सिस्टीन जवळजवळ नाही आणि ट्रिप्टोफॅनचा तर पत्ताच नाही. यावर बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात : सॅम्पल अशुद्ध आहे. मग पुन्हा बी भिजत घालायचं, पुन्हा रोपं अंधारात ठेवायची, पुन्हा हिरव्या मंद दिव्यात सगळी खटपट करायची. इतकं करून आकडे परत तसेच येतात.

माझं सांगणं असं की सॅम्पलवर संशय सगळ्यांत शेवटी घ्यावा. आकडे चुकायची कारणं चार-पाच आहेत आणि प्रत्येक कारण ठरावीक अमिनो आम्लांवरच परिणाम करतं. त्यामुळे ‘जुळत नाही’ एवढंच म्हणून थांबू नका. नेमकं कोणतं आम्ल, किती आणि कोणत्या बाजूला सरकलंय ते लिहून काढा. निम्मं निदान तिथेच होतं.

ज्यांना हे विकर नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. पीओआर म्हणजे प्रोटोक्लोरोफिलाइड ऑक्सिडोरिडक्टेज. हरितद्रव्य तयार होण्याच्या साखळीत, शेवटाकडे, प्रोटोक्लोरोफिलाइडच्या ‘डी’ कड्यातला १७ आणि १८ क्रमांकाच्या कार्बनमधला दुहेरी बंध हे विकर हायड्रोजन जोडून एकेरी करतं आणि क्लोरोफिलाइड तयार होतं. त्यासाठी एनएडीपीएच (हायड्रोजन पुरवणारा सहायक रेणू) लागतं, शिवाय प्रत्यक्ष प्रकाश लागतो. प्रकाशावाचून न चालणारी विकरं सजीवसृष्टीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि पीओआर त्यांतलं एक. नवरात्रात घटाभोवती पेरलेलं धान्य देवघराच्या अंधारात पिवळंच वर येतं, ते याच कारणाने : सपुष्प वनस्पतींकडे या पायरीसाठी अंधारात चालणारा दुसरा मार्ग नाही. अंधारात पीओआर एटिओप्लास्टमधल्या, म्हणजे अजून हिरव्या न झालेल्या लवकांतल्या (प्लास्टिड), जाळीदार पटलांत साठून राहतं, म्हणून ते काढायचं तर पिवळी रोपं घेतात.

‘अपेक्षित’ रकाना नक्की कशाचा आहे?

पहिली तपासणी कागदावरच करायची आहे. पीओआरचं जनुक पेशीच्या केंद्रकात असतं. प्रथिन बाहेर बनतं आणि मग लवकात शिरतं. आत जाण्यासाठी त्याच्या सुरुवातीला एक वाटखुणेचा तुकडा, म्हणजे ट्रान्झिट पेप्टाइड, जोडलेला असतो आणि आत पोचल्यावर तो कापला जातो. वाटाण्याचं पूर्ण प्रथिन ३९९ अमिनो आम्लांचं आहे. त्यांतली पहिली ६४ कापली जातात आणि तुमच्या नळीत ३३५ उरतात. डेटाबेसमधून क्रम उतरवून घेताना मात्र सगळेच्या सगळे ३९९ येतात. म्हणजे तुलनेच्या रकान्यात जवळपास सहावा हिस्सा असा असतो, जो सॅम्पलमध्ये कधी नव्हताच.

हा सहावा हिस्सा साधासुधा नसतो. लवकात जाणाऱ्या ट्रान्झिट पेप्टाइडमध्ये सेरीन आणि थ्रिओनिन भरपूर असतात, अ‍ॅस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लं फारच थोडी. त्यामुळे पूर्ण क्रमाशी तुलना केली की तुमच्या सॅम्पलमध्ये सेरीन आणि थ्रिओनिन ‘कमी’ दिसतात, तर अ‍ॅस्पार्टिक-ग्लुटामिक किंचित ‘जास्त’. आता गंमत अशी की आम्लात उकळतानाही नेमकी सेरीन आणि थ्रिओनिनच झिजतात. दोन वेगळ्या कारणांचा ठसा एकाच जागी उमटतो आणि कोणतं कारण खरं ते वरवर कळत नाही. फरक ओळखायची रीत पुढे येईलच.

क्रमावरून अमिनो आम्लांची मोजदाद करून देणारं प्रोटपॅरॅमसारखं साधन वापरत असाल तर क्रम थेट चिकटवू नका. डेटाबेसमधला नोंद-क्रमांक द्या. मग ते साधन त्या प्रथिनाचे भाग दाखवतं, त्यांतला परिपक्व साखळीचा भाग निवडा. अ‍ॅराबिडॉप्सिसवर काम करणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. या छोट्या प्रयोग-वनस्पतीत पीओआरची तीन रूपं आहेत, ए, बी आणि सी. पूर्ण लांबी ‘ए’ची ४०५, तर ‘बी’ आणि ‘सी’ची ४०१. चुकीच्या रूपाशी तुलना केली तरी आकडे थोडे हलतात.

क्रमांकांचा घोळही इथेच मिटवून टाका. वाटाण्याच्या पीओआरमधले टायरोसिन २७५ आणि लायसिन २७९ हे उत्प्रेरणासाठी महत्त्वाचे मानले जातात. हे क्रमांक पूर्ण प्रथिनाचे आहेत. परिपक्व साखळीत तेच टायरोसिन २११ वर येतं. सिनेकोसिस्टिस या सायनोबॅक्टेरियात ट्रान्झिट पेप्टाइडच नसतं, म्हणून तिथे हीच जोडी १९३ आणि १९७ वर आहे. २०१९ साली ज्या स्फटिकरचना प्रसिद्ध झाल्या त्या सायनोबॅक्टेरियाच्या पीओआरच्या होत्या. त्यामुळे रचनेवरचा लेख समोर ठेवून वाटाण्याचे क्रमांक शोधणारा हमखास गोंधळतो.

३६ हजारांचं प्रथिन ४२ हजारांचं कसं झालं

ही चूक इतक्या वेळा दिसते आणि इतकी फसवी आहे, की तिला वेगळी जागा द्यावीशी वाटते. अ‍ॅनालायझरच्या आकड्यांवरून रेणुभार काढताना काही जण प्रत्येक अमिनो आम्लाचा सुटा रेणुभार धरतात. पण साखळीत जोडताना प्रत्येक बंधामागे पाण्याचा एक रेणू, म्हणजे १८, निघून गेलेला असतो. ३३५ आम्लांच्या साखळीत हा फरक सुमारे ६ हजारांचा होतो. ३६ हजारांचं प्रथिन हिशोबात ४२ हजारांच्या पुढे जातं.

आता वाटाण्याच्या न कापलेल्या पूर्ण प्रथिनाचा भार आठवा : सुमारे ४३ हजार. चुकीचं उत्तर नेमकं दुसऱ्या एका शक्य उत्तराच्या शेजारी जाऊन बसतं. विद्यार्थ्याला वाटतं, ट्रान्झिट पेप्टाइड कापलंच गेलेलं नाही. मग त्यावर स्पष्टीकरणं रचली जातात आणि मार्गदर्शकांसमोर मांडलीही जातात. जेल ३६ दाखवतंय आणि हिशोब ४२, असं असेल तर आधी १८ वजा केलेत का ते पाहा.

आम्लात कोण टिकतं, कोण टिकत नाही

नेहमीची पद्धत अशी : ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, ११० अंश सेल्सिअस, हवा काढून बंद केलेली नळी, २४ तास. स्टाइन आणि मूर यांच्या कामातून रुळलेली ही पद्धत आजही वापरात आहे. तिच्या मर्यादाही तेव्हापासून माहीत आहेत, तरी निकाल वाचताना त्या विसरल्या जातात.

ट्रिप्टोफॅन या आम्लात नष्ट होतं. ते सापडलं नाही याचा अर्थ ‘शून्य’ होत नाही, ‘मोजलं नाही’ एवढाच होतो. ते हवंच असेल तर अल्कलीत किंवा मिथेनसल्फोनिक आम्लात वेगळं हायड्रोलिसिस करावं लागतं. अ‍ॅस्पराजिन आणि ग्लुटामिन यांचा अमाइड गट सुटतो आणि ती अनुक्रमे अ‍ॅस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्ल म्हणून मोजली जातात. म्हणून तुलनेच्या रकान्यातही त्यांची बेरीज करूनच लिहायची. टायरोसिनवर क्लोरीनचा हल्ला होतो, त्यासाठी आम्लात थोडं फिनॉल घालतात. मेथिओनिन ऑक्सिडीकरणाने घटतं, त्याचं कारण बहुधा नळीत राहिलेली हवा.

सेरीन आणि थ्रिओनिन दोन्ही तासागणिक झिजतात, सेरीन जास्त वेगाने. उलट व्हॅलिन आणि आयसोल्यूसिन शेजारी-शेजारी असतील तर त्यांच्यातला बंध २४ तासांत पूर्ण तुटत नाही, म्हणून ती सुरुवातीला कमी दिसतात आणि वेळ वाढवला की वाढतात. एकाच सॅम्पलच्या तीन नळ्या करा : २४, ४८ आणि ७२ तास. सेरीन-थ्रिओनिनचे तीन आकडे आलेखावर मांडून रेषा मागे शून्य तासापर्यंत न्या. व्हॅलिन-आयसोल्यूसिनसाठी ७२ तासांचा आकडा धरा.

वर राहिलेला प्रश्न इथे सुटतो. शून्य तासापर्यंत मागे नेल्यावर सेरीन अपेक्षेइतकं भरलं, तर ते आम्लात झिजत होतं. तरीही कमीच राहिलं आणि अ‍ॅस्पार्टिक-ग्लुटामिक जास्त दिसत असेल, तर तुलनेच्या रकान्यात ट्रान्झिट पेप्टाइड शिल्लक आहे.

प्रत्येक खेपेला एक ओळखीचं प्रथिन बरोबर चालवा. माझी पसंती कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइमला. त्याची १२९ आम्लं अगदी पक्की ठाऊक आहेत : १२ ग्लायसिन, १२ अ‍ॅलनिन, ८ ल्यूसिन, १० सेरीन, ११ आर्जिनिन, ६ लायसिन, ३ फिनाइलअ‍ॅलनिन, ८ सिस्टीन, ६ ट्रिप्टोफॅन. अ‍ॅस्पार्टिक आम्ल ७ आणि अ‍ॅस्पराजिन १४, म्हणून तुमच्या यंत्रावर ‘अ‍ॅस्पार्टिक’ २१ च्या जवळ यायला हवं. लायसोझाइमचंच ग्लायसिन १२ ऐवजी १६ येत असेल, तर पीओआरचा दोष शोधत बसण्यात अर्थ नाही. नळ्या, आम्ल किंवा हातमोजे यांत काहीतरी आहे.

सिस्टीन : इथे घाई करू नका

पीओआरमध्ये सिस्टीनला खास महत्त्व आहे. वेगवेगळ्या वनस्पतींच्या पीओआरमध्ये चार सिस्टीन जागच्या जागी जपलेले दिसतात. शंभरात जेमतेम सव्वा भरेल एवढं हे प्रमाण आहे, तरी विकराचं काम त्यांच्यावर अवलंबून आहे. म्हणून हा आकडा अंदाजाने सोडून देऊ नये. साध्या आम्ल-हायड्रोलिसिसमध्ये सिस्टीनचा भरवसा नसतो. त्याला आधी स्थिर रूप द्यावं लागतं : परफॉर्मिक आम्लाने सिस्टेइक आम्ल करणं, किंवा अल्किल गट जोडून बंदिस्त करणं. परफॉर्मिक आम्लाने मेथिओनिनही सल्फोन होऊन नीट मोजता येतं, मात्र टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन बिघडतात. म्हणून त्या नळीतून फक्त सिस्टीन आणि मेथिओनिन घ्या, बाकीचे आकडे दुसऱ्या नळीतून.

अल्किल गट जोडणाऱ्यांकडून एक चूक नेहमी होते. विकर घडीव अवस्थेत असतानाच अभिकर्मक घातला जातो. पीओआरमध्ये एनएडीपीएच आणि प्रोटोक्लोरोफिलाइड बसलेले असतील तर काही सिस्टीन झाकलेले राहतात. ऑलिव्हर आणि ग्रिफिथ्स यांनी १९८१ मध्ये सिस्टीनला चिकटणारं किरणोत्सारी फिनाइलमॅलेइमाइड वापरून याच गुणधर्माच्या आधारे हे विकर पटलांमध्ये ओळखलं होतं. त्यांना जे उपयोगी पडलं तेच रचना मोजताना आड येतं : झाकलेले सिस्टीन मोजणीतून निसटतात आणि चाराऐवजी दोन-तीनच भरतात. आधी ६ मोलर ग्वानिडीनमध्ये घडी पूर्ण उलगडा, डीटीटीने सगळे डायसल्फाइड बंध तोडा, मगच अल्किल करा. युरिया शक्यतो टाळा. त्यातून अमोनिया सुटतो आणि अ‍ॅनालायझरवर त्याचं भलंमोठं शिखर शेजारच्या आम्लांना झाकतं.

ग्लायसिन जास्त आलं तर

तक्रारींमध्ये हिचा नंबर पहिला, आणि उगम अनेक.

सॅम्पल जेलमधून कापून घेतलं असेल तर आधी धावत्या बफरकडे बोट दाखवा. नेहमीच्या एसडीएस जेलच्या बफरमध्ये १९२ मिलिमोलर ग्लायसिन असतं. ते पट्ट्याबरोबर येणारच. पट्टा पीव्हीडीएफ पडद्यावर उतरवा, उतरवताना ट्रिस-ग्लायसिनऐवजी कॅप्स बफर वापरा आणि पडदा पाण्याने पुनःपुन्हा धुवा.

ग्लायसिनबरोबर सेरीनही वाढलेलं दिसलं तर हाताचा स्पर्श झालाय. त्वचेवरून ही जोडी येते. नळ्या ४५० ते ५०० अंशांवर भट्टीत तापवून घ्या आणि तापवल्यानंतर उघड्या हाताने धरू नका.

तिसरं कारण पीओआरसारख्या विकरांच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवायचं आहे आणि बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. पीओआर टिकवण्यासाठी बफरमध्ये एनएडीपीएच घातलेलं असतं आणि काही रेणू विकराला घट्ट बिलगलेले असतात. एनएडीपीएचमध्ये अ‍ॅडेनिन आहे. अ‍ॅडेनिन गरम आम्लात फुटतं तेव्हा त्यातून ग्लायसिन तयार होतं. म्हणजे हातमोजे, नळ्या, बफर सगळं निर्दोष असूनही ग्लायसिन वाढलेलं दिसू शकतं, आणि तेही प्रत्येक खेपेला साधारण तेवढंच, त्यामुळे ते खरंच वाटायला लागतं. डायलिसिसने सुटं एनएडीपीएच जातं, बिलगलेलं जात नाही. प्रथिन ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्लाने साकळवून, वरचं पाणी टाकून, साका थंड अ‍ॅसिटोनने धुतला की दोन्ही जातात. अ‍ॅसिटोनने रंगद्रव्यंही निघतात, हा वरचा फायदा. बफर एकटाच घेऊन त्याचंही हायड्रोलिसिस करून पाहा. प्रथिन नसलेल्या त्या नळीत ग्लायसिन आलं तर उत्तर हातात आहे.

आता यातला हिशोबाचा भाग. टक्केवारीची बेरीज शंभरच भरायला हवी, म्हणून एक आम्ल फुगलं की बाकी सगळी आपोआप आकसतात. समजा ३३५ आम्लांमध्ये बाहेरून ३० ग्लायसिनची भर पडली. एकूण झालं ३६५. बाकीच्या प्रत्येक आम्लाचा वाटा आठ टक्क्यांनी घटलेला दिसेल, त्यांना कोणी हातही न लावता. मग विद्यार्थी लायसिन का कमी, ल्यूसिन का कमी, आर्जिनिन का कमी असे एकेक दोष शोधत बसतो. यावर उपाय सोपा आहे : टक्केवारी बाजूला ठेवा, ल्यूसिन आणि फिनाइलअ‍ॅलनिन ही आम्लात टिकणारी आणि बाहेरून सहसा न येणारी आम्लं आधार धरा आणि बाकीच्यांची त्यांच्याशी गुणोत्तरं काढा. ग्लायसिन एकटंच चुकलेलं आहे हे लगेच दिसेल. नॉरल्यूसिन हे प्रथिनात नसणारं आम्ल ठरलेल्या प्रमाणात घालून ठेवलं तर हाताळणीतली घटही कळते, पण ते हायड्रोलिसिसच्या आधी घाला.

जिवाणूत बनवलेलं पीओआर

ई. कोलायमध्ये पीओआर बनवताना ते सुटसुटीत विरघळावं म्हणून माल्टोज पकडणाऱ्या प्रथिनाला जोडून घेतात. हे जोड-प्रथिन ३७० आम्लांचं आहे, म्हणजे पीओआरपेक्षा मोठं. ते कापून वेगळं केलं नसेल तर तुम्ही मोजताय त्यातला अर्ध्याहून जास्त भाग पीओआर नाहीच. ओळखायची खूण सोपी आहे : त्या जोड-प्रथिनात सिस्टीन एकही नाही. उलगडून, नीट अल्किल करूनही सिस्टीनची टक्केवारी बरोबर निम्म्याच्या आसपास येत असेल तर आधी हे तपासा. हिस्टिडिनची शेपटी जोडली असेल तर अपेक्षित रकान्यात ते सहा हिस्टिडिन मिळवायला विसरू नका.

एवढं सगळं करूनही जुळलं नाही, तर

आता सॅम्पलवर संशय घ्या. कोणत्या वनस्पतीतून आणि कोणत्या उजेडात काढलंय ते पाहा. अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये पीओआर ‘ए’ अंधारात भरपूर असतं आणि उजेड मिळाल्यावर झपाट्याने घटतं, तर ‘सी’ उजेडात वाढतं. रोपं काही वेळ उजेडात राहिली असतील तर मिश्रण बदललेलं असेल. वाटाण्यात हा प्रश्न येत नाही, कारण त्याच्याकडे एकच पीओआर आहे. नवशिक्यांनी वाटाण्यापासून सुरुवात करावी असं मी म्हणतो ते यासाठीच.

मोजलेली आणि अपेक्षित रचना किती दूर आहे ते एका आकड्यात पाहायचं असेल तर मार्कालोनिस आणि वेल्टमन यांची १९७१ ची रीत वापरा : प्रत्येक आम्लाच्या दोन टक्केवाऱ्यांतला फरक, त्याचा वर्ग, आणि सगळ्यांची बेरीज. ५० च्या खाली आली तर दोन प्रथिनं नात्यातली मानतात. हा आकडा नातं दाखवतो, ओळख पटवत नाही. पीओआर ज्या मोठ्या रिडक्टेज कुळातलं आहे, त्यातल्या दुसऱ्या एखाद्या सभासदाची रचनाही बरीच जवळ येऊ शकते. ओळख पटवायची तर ट्रिप्सिनने तुकडे करून मास स्पेक्ट्रोमीटरवरच जावं लागेल.

इतकी मेहनत कशासाठी, क्रम तर जनुकावरून ठाऊकच आहे, असं कोणी विचारेल. नळीत प्रथिन नेमकं किती आहे हे सांगणारी याहून खात्रीची पद्धत नाही. ब्रॅडफर्डचा रंग मुख्यतः आर्जिनिनसारख्या आम्लांना चिकटतो आणि आपण त्याची तुलना गाईच्या अल्ब्युमिनशी करतो, ज्याची रचना वेगळी आहे. त्यातून आलेलं पीओआरचं प्रमाण चुकलं की एका रेणूमागे किती प्रोटोक्लोरोफिलाइड बसतं, विकर किती वेगाने काम करतं, हे पुढचे सगळे आकडे त्याच पटीत चुकतात.

म्हणून अहवालातला तक्ता लिहिताना काही गोष्टी तक्त्यातच नोंदवा : क्रम पूर्ण प्रथिनाचा की परिपक्व साखळीचा, कोणत्या रूपाचा, हायड्रोलिसिस किती तासांचं, सेरीन-थ्रिओनिन मागे नेऊन काढलंय की २४ तासांचंच आहे, सिस्टीन कोणत्या रीतीने मोजलं. अ‍ॅस्पार्टिक आणि ग्लुटामिक यांच्या ओळींत ‘अमाइडसह’ असं लिहा. ट्रिप्टोफॅनच्या ओळीत, वेगळं मोजलं नसेल तर, शून्य लिहू नका. ‘मोजलं नाही’ असंच लिहा.